एकवीस सेकंदांचा आवाज

१

“आधी पूर्ण ऐका, आपा. मग लिहा.”

तीस वर्षांपूर्वी रोज दुपारी चारच्या सुमाराला किनवटहून हा आवाज यायचा. नांदेडच्या ‘गोदातीर’ दैनिकाच्या कचेरीत खिडकीपाशी एक काळा फोन होता आणि त्या फोनपाशी सालेहा. तालुक्यातालुक्यांतून वार्ताहर बातम्या सांगायचे, ती उतरून घ्यायची. बिलोलीचा घाईघाईत ओरडायचा, देगलूरचा मधेच तेलुगूत शिरायचा, कंधारचा आधी घरादाराची खुशाली विचारायचा. किनवटचा उद्धव सगळ्यांहून वेगळा. तो अख्खी बातमी आधी एका दमात सांगायचा, पाराखाली बसून गोष्ट सांगावी तशी. मग तीच बातमी पुन्हा, दोन-दोन तीन-तीन शब्दांचे घास करून. प्रत्येक घासानंतर थांबायचा. पलीकडे एक हात लिहितो आहे, हे त्याला न दिसताही दिसायचं.

अठरा वर्षं असं चाललं. त्या अवधीत दोघं भेटले असतील तीनदा, तेही कुणाच्या तरी लग्नात. पुढे बातम्या मेलवर यायला लागल्या, मग मोबाईलवर, मग ‘गोदातीर’च मिटलं. उद्धव तोवर किनवटच्या निवासी शाळेत मास्तर झाला होता.

म्हणून त्या बुधवारी, रमजानचा महिना आणि दहावीची परीक्षा दोन्ही ऐन भरात असताना, भाच्याच्या मोबाईलमधून तो आवाज आला तेव्हा सालेहाच्या हातातला खजूर परातीत पडला.

“प्रश्नपत्रिका माझ्याकडे… आली आहे… उद्या सकाळी… नदीकाठी या… फोन घरी ठेवा… घरी कुणालाही… सांगू नका.”

वर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं : गुरुजीच निघाला पेपरफोड्या! खाली ‘नांदेड नजर’ या बातम्यांच्या चॅनेलचं नाव, आणि चार लाख लोकांनी पाहिल्याचा आकडा.

“यासेर, बंद कर ते.”

“मी बंद करून काय होतंय खाला, अख्खा जिल्हा ऐकून राहिला.”

दाराची कडी वाजली. उंबऱ्याबाहेर एक माणूस उभा होता, डोक्यावरचे केस पांढरे, शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात. चेहरा ओळखायला तिला वेळ लागला. तोंड उघडल्यावर मात्र क्षणही लागला नाही.

“आपा, त्यो आवाज माझाच हाय,” उद्धव म्हणाला. “पन मी आसं कधी बोललोच न्हाई.”

२

त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं ते प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

“निलंबित केलंय. सोमवारी चौकशी. साहेब म्हन्ले, आवाज तुमचा न्हाई हे दाखवा, न्हाईतर तुमचाच हाय म्हनून सही करा. सही केली की नोकरी गेली, आन् नाव बी गेलं. बायको इचारती, खरं सांगा. पोरगी फोन उचलंना.”

“तुम्ही काय म्हणता?”

“मी?” तो कसनुसा हसला. “शंभरदा ऐकलं आपा. आता मलाच वाटाया लागलं, बोललो आसंन. तापात बोललो आसंन, झोपंत बोललो आसंन. आपलाच आवाज आपल्याला खोटं पाडून राहिला, मंग माणसानं कुनाकडं बघावं?”

यासेर लग्नांची शूटिंग करायचा, त्यांची कापणी-जोडणीही स्वतःच करायचा. त्यानं ती क्लिप लॅपटॉपवर घेतली, कानाला हेडफोन लावला, आवाजाच्या रेघा मोठ्या करून पाहिल्या.

“मला वाटलं मशीननं बनवली. आजकाल कुणाचाही आवाज बनतो. पण ही तशी न्हाई वाटत. श्वास हाय. घसा खाकरल्याचा तुकडा हाय. जोड मात्र हायेत, कुणीतरी कापून जोडलंय. माणूस असली, आवाज असली.”

“आणि बोलणं?”

“ते अल्लाला माहीत.”

सालेहानं कपाळाला हात लावला. आवाज खरा, माणूस खरा, बोलणं तेवढं खोटं. ही तिन्ही एका मडक्यात मावत नव्हती.

“कुणाचं वाकडं केलंय का तुम्ही?”

उद्धवनं दोन नावं घेतली. पहिला ‘नांदेड नजर’वाला वरद. गेल्या महिन्यात तो न विचारता मुलींच्या वसतिगृहात कॅमेरा घेऊन शिरला. उद्धवनं त्याला बाहेर काढून तक्रार केली होती. दुसरी लातूरची भार्गवीबाई. तिचा ऑनलाइन क्लास. तिच्यासाठी उद्धवनं दोन वर्षांमागे उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिडिओ धडे दिले आणि अर्ध्यात सोडले. “माझे चाळीस तास हायेत तिच्यापाशी,” तो म्हणाला. “चाळीस तासांतून एकवीस सेकंद काढायला कितीसा वेळ?”

यासेरनं क्लिप पुन्हा लावली. आवाज चालू राहिला, थांबत, चालत, थांबत.

“खाला,” यासेर म्हणाला, “बोटानं काय लिहून राहिल्या?”

सालेहानं खाली पाहिलं. तिची तर्जनी मेणकापडावर सरकत होती. अक्षरं काढत होती. का, ते तिलाही कळलं नाही.

३

नांदेडच्या वजिराबादेत एका मोबाईलच्या दुकानावर ‘नांदेड नजर’चं ऑफिस. जिना चढून सालेहा दमली. दाराशी टेबलावर एक मुलगी वही घेऊन बसलेली, विशीची असेल, वेणी घट्ट, डोळे जागरणानं ओढलेले.

“नाव सांगा मावशी. मोबाईल नंबर बी.”

सालेहानं सांगितलं. मुलीचं पेन हवेतच. नजर सालेहाच्या चेहऱ्यावर, पण कागदावर टिंबसुद्धा नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून सालेहानं पुन्हा सांगितलं, आणि मुलीनं दहाही आकडे न अडखळता उतरवले. पोरीचं ध्यान नाही ठिकाणावर, असं मनाशी म्हणत सालेहा आत गेली.

वरद तिशीतला, गोड बोलणारा. मागच्या भिंतीवर मोठा फलक : ‘लवकरच येत आहे – खोटं ओळखा! बनावट क्लिप कशी पकडायची, शिका आमच्यासोबत.’

“बसा मावशी. तुम्ही ‘गोदातीर’च्या, म्हणजे आमच्या पूर्वजच.”

“पूर्वज मेलेले असतात बाळा. बातमी पडताळली होती का?”

“तुमच्या काळी बातमी सकाळी दुधासंगं यायची. आमच्याकडं मिनिटात शिळी होते. आपण न्हाई टाकली तर शेजारचा टाकतो.”

“मास्तरांना फोन केला?”

“लावला होता. किनवटला रेंज कुठं असते?”

“क्लिप कुणी दिली?”

“पालकांच्या ग्रुपवर फिरत होती. पन्नास जणांनी मला पाठवली. पन्नास जण खोटं बोलतील का?”

“पन्नास जणांनी ऐकलं असेल. बोलला एकच.”

वरदचं हसू जरा आखडलं. “मास्तरनं माझ्यावर तक्रार केली, म्हणून मी केलं म्हणता? मावशी, मला बनवायचीच असती तर अशी रखडत रखडत चालणारी बनवली असती का? एवढी संथ क्लिप कोण ऐकतं? नशीब, लोकांनी ऐकली.”

हे मात्र सालेहाच्या मनात रुतून बसलं. बाहेर पडताना ती दाराशी चपला शोधत होती, तेव्हा टेबलामागची मुलगी हलकेच म्हणाली,

“मावशी, सर जेवतात का?”

“न्हाई गं,” सालेहा म्हणाली. पोर मायाळू दिसते, एवढंच तिच्या मनात आलं. ऑटो गोदावरीच्या पुलावर आला तेव्हा वाऱ्यानं पदर उडाला, आणि कसलीतरी चुटपुट लागली. काहीतरी पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी ती यासेरला घेऊन एस.टी.नं लातूरला गेली. भार्गवीचा क्लास म्हणजे तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोल्या. एकेका खोलीत एकेक मास्तर, समोर विद्यार्थी कुणी नाही, नुसता दिवा आणि कॅमेरा. भिंतीशी बोलणारी माणसं पाहून सालेहाला गलबलून आलं.

भार्गवी चाळिशीची, झटपट बोलणारी. चहा मागवू लागली.

“रोजा आहे बाई.”

“अरे देवा, माफ करा.” ती खरंच ओशाळली. “उद्धव सरांचं ऐकलं. खरं सांगू? माझा विश्वास बसला नाही. भांडण झालं होतं आमचं, नाही म्हणत नाही. ते शिकवताना थांबायचे. ‘कळलं का?’ विचारून वाट बघायचे. मी म्हटलं, सर, समोर कुणी नाही. तर म्हणाले, म्हणून तर थांबतो, कुणी यायचं असलं तर यावं.”

“मग?”

“मग काय? आमची पोरं दीडपट वेगानं धडे ऐकतात. थांबा म्हणजे गेला विद्यार्थी. आम्ही सगळे थांबे काढले. त्यांनी तो धडा पाहिला आणि म्हणाले, हा मी न्हाई. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.”

“न कापलेलं रेकॉर्डिंग आहे?”

“ठेवायला जागा कुठे? धडा चढवला की मूळचं पुसतो.”

तिनं एक धडा लावून दाखवला. उद्धव पडद्यावर भराभरा बोलत होता, श्वास न घेता, पाठीमागे कुणी लागल्यासारखा. सालेहानं टेबलावर बोट टेकवलं. बोट जागचं हललं नाही.

“सरांनी तुमच्याकडे कधी श्रुतलेखन घातलं का?” तिनं एकदम विचारलं.

भार्गवी हसली. “श्रुतलेखन? मावशी, आमची पोरं लिहितात कुठे? पर्याय निवडतात.”

सालेहा उठलीच. जिन्यातच तिनं यासेरचा हात धरला.

“यासेर, ते बोलणं न्हाई रे. ते लिहवून घेणं आहे.”

५

परतीच्या गाडीत ती बोलत होती आणि यासेर ऐकत होता.

“माझं बोट तीस वर्षांपूर्वीचं आहे. त्याला डोक्याआधी कळलं. उद्धव दोन-तीन शब्द बोलतो आणि लिहिण्यापुरता थांबतो. चोरीची गोष्ट पोरांच्या कानात सांगणारा माणूस असा थांबेल का? आणि बघ, माझ्या घरी तो कसा बोलला? ‘हाय, न्हाई, करून राहिलो.’ चोरून बोलताना एकदम ‘आली आहे’ कसा म्हणेल? तो लिहवून घेतानाच तसा बोलतो.”

“मंग कापताना हे थांबे का सोडले? खाला, आमच्या धंद्यात पहिलं काम तेच. एक बटन दाबलं की मोकळी जागा आपोआप निघते. वरदच्या पोरांना हे झोपेतबी येतं. भार्गवीबाईच्या तर मशीनलाच येतं.”

“तेच तर. त्या दोघांना थांबा खुपतो. ज्यानं कापलं त्याला खुपला न्हाई. त्याच्या कानाला ते थांबे थांबे वाटलेच न्हाईत. सर असेच बोलतात, असं ज्याला लहानपणापासून माहीत आहे, त्याचं हे काम.”

तिनं उद्धवला फोन लावला. खरंच, टाळेबंदीत त्यानं श्रुतलेखन घातलं होतं. जंगलातल्या वाड्यांवर व्हिडिओपुरतं नेट नव्हतं, आवाजापुरतं होतं. नववीच्या पोरांना तो रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक गोष्ट बोलून पाठवायचा.

“कंच्या गोष्टी, ते काय ध्यानात असतंय आपा? रोज तोंडाला येईल ती. शेकड्यानं झाल्या. फोन मागं पान्यात पडला, समदं गेलं. ह्यातलं बी बोललो आसंन. नसंन बी.”

“पोरांना काय नेम घालून दिला होता?”

“नेम एकच. पहिल्यांदा पेन उचलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा लिवायचं.”

सालेहाच्या डोळ्यांपुढे हवेत धरलेलं एक पेन आलं. आणि दाराशी ऐकलेला प्रश्न. ‘ते सर’ नव्हे, ‘उद्धव सर’ नव्हे. नुसतं ‘सर’.

“त्या वर्गातलं कुणी ‘नांदेड नजर’मध्ये आहे?”

उद्धव दोन-चार नावं पुटपुटत गेला. मग उद्धव म्हणाला, “लुंबिनी हाय म्हनत्यात, कालेज करून तिथं काम करती. लई हुशार. टेकडीवर चढून रेंज धरायची. पन आपा, ती न्हाई. तिचं नाव घेऊ नका.”

शनिवारी कॉलेज सुटायच्या वेळी सालेहानं तिला फाटकाशी गाठलं. लिंबाच्या सावलीत उभं राहून एकेक गोष्ट सांगितली : बोट, थांबे, पेन, आणि वरदच्या भिंतीवरचा फलक.

“खोटं ओळखा म्हणून कार्यक्रम काढायचा, तर आधी एक खोटी क्लिप नमुन्याला हवी. ती तुला बनवायला सांगितली असेल. तुझ्या फोनमध्ये भरपूर आवाज एकाच माणसाचा. तू जपून ठेवलेला.”

लुंबिनीचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज सरळ होता. “पुरावा हाय तुमच्याकडं?”

“माझ्याकडं एक म्हातारं बोट. साहेबांच्या टेबलावर ते चालणार न्हाई. पुरावा तुझ्याकडं आहे, पोरी. सरांनी सांगितलेली ती अख्खी गोष्ट. सोमवारी अकराला चौकशी आहे.”

“मला उशीर होतोय,” ती म्हणाली आणि सॅक छातीशी आवळून निघून गेली. तिची पाठ गर्दीत मिसळेपर्यंत सालेहा बघत राहिली. आपण नीट केलं की सगळं घालवलं, तिला काही उमजेना. पोर आज घरी जाऊन ते पुसूनही टाकेल.

६

सोमवारी अकराला चौकशीच्या खोलीत तीन खुर्च्या टेबलापलीकडे, एक अलीकडे. सालेहानं साहेबांना सगळं सांगितलं. थांब्यांचं सांगितलं, भाषेचं सांगितलं; लुंबिनीचं नाव तेवढं घेतलं नाही. मधले साहेब अदबीनं ऐकत होते.

“ताई, तुमचा तर्क छान आहे. पण तर्काला सही नसते. श्रुतलेखन असेल, तर मूळ कुठे आहे? मास्तर, तुम्हाला आठवतं का?”

“न्हाई साहेब.”

“असं बोललाच नाहीत, हे शपथेवर सांगता?”

उद्धवनं टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. “आता ते बी सांगवत न्हाई. आवाज माझा हाय. द्या कागद.”

त्यानं पेन घेतलं. सालेहानं डोळे मिटले, म्हणून दार उघडल्याचं तिला फक्त ऐकू आलं.

“साहेब, थांबा.”

लुंबिनी दारात उभी होती, धापा टाकत. कुणी ये म्हणण्याआधी ती आत आली, फोन टेबलावर ठेवला आणि चालू केला. पाच वर्षांपूर्वीची सकाळ त्या खोलीत शिरली, मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. आधी अख्खी गोष्ट एका दमात, सलग, कात्री घालायला कुठे फट नाही अशी. मग पुन्हा, सावकाश :

“एक लोभी मास्तर… मुलांना म्हणाला… प्रश्नपत्रिका माझ्याकडे… आली आहे… मुलं दचकली… मास्तर म्हणाला… उद्या सकाळी… नदीकाठी या… फोन घरी ठेवा… घरी कुणालाही… सांगू नका… मुलं म्हणाली… मास्तर, आम्हाला… प्रश्न नकोत… आम्हाला शिकवा…”

डावीकडच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. उद्धवनं पेन खाली ठेवलं.

“माझीच की,” तो पुटपुटला. “माझीच गोष्ट.”

“क्लिप कुणी कापली?” मधल्या साहेबांनी विचारलं.

“मी,” लुंबिनी म्हणाली. “कार्यक्रमाला नमुना पाहिजे होता. वर ‘बनावट’ असं लिहून ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. कुणीतरी ते लिहिलेलं उडवून पुढं पाठवली. दोन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवरून फिरून आली, तेव्हा वरद सरांनी बातमी म्हणून लावली. मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, आता काढली तर आपणच खोटे ठरू.”

“लेखी देशील?”

“देते.”

साहेबांनी सहीचा कागद उचलला, दुमडला आणि फाइलीत न ठेवता बाजूला सारला. “मास्तर, तुम्ही जाऊ शकता,” ते म्हणाले. तरी उद्धव उठला नाही. तो लुंबिनीकडे बघत होता, रागानं नव्हे, गणित सुटत नाही अशा नजरेनं.

“पोरी, मला सांगायचं. एक फोन करायचास. भ्याली का? नोकरी जाईल म्हनून भ्याली असशील. त्याला काय, समदेच भेतात.”

त्यानं तिच्यासाठी सुटायचं दार उघडून ठेवलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सालेहाला वाटलं, म्हण बाई, आणि मोकळी हो.

लुंबिनीनं मान हलवली.

“भ्याले नंतर, सर. आधी न्हाई.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “मी आजवर जे काही केलं, ते पन्नासाच्या वर माणसांनी कधी पाहिलं न्हाई. त्या दिवशी मेसच्या पायरीवर बसून मी नुसता आकडा बघत होते. लाख झाले, दोन लाख झाले. आवाज तुमचा होता, हे मला ठाऊक होतं. तरी मला लई आनंद झाला होता, सर.”